नावं ठेवणाऱ्यांचं गाव

कोल्हापुरात नावं ठेवण्याची कला तालमीतल्या लाल मातीइतकीच जुनी आहे. नव्या सुनेपासून नव्या आयुक्तांपर्यंत आणि तांबड्या रश्श्यापासून रस्त्यावरच्या डांबरापर्यंत कशालाही नाव ठेवायला इथं कुणाची परवानगी लागत नाही. गंमत अशी, की जिथं परवानगी लागते तिथंही काम असतं ते नाव ठेवण्याचंच. महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकामाचा अर्ज जातो तेव्हा त्यात ‘वापर’ नावाचा एक रकाना असतो. सिमेंट, सळई, खडक किती फुटांवर लागला, हे सगळं आपापल्या जागी राहतं आणि इमारतीचं नशीब ठरतं त्या दीड इंचाच्या रकान्यात. ‘रहिवासी’ लिहिलं तर एक नियम, ‘वाणिज्य’ लिहिलं तर दुसरा. ‘गोदाम’ आणि ‘वसतिगृह’ हे शब्द तर असे, की लिहिण्याआधी वास्तुविशारद पेन थांबवून मालकाच्या तोंडाकडं बघतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडं परवानगी इमारतीला मिळत नाही, शब्दाला मिळते. इमारत मग आपल्या सोयीनं वागते. अर्थात शीर्षक एक मंजूर करून घ्यायचं आणि आत मजकूर भलताच भरायचा, हा धंदा लेख लिहिणाऱ्यांनीच आधी सुरू केलाय. त्यामुळं बिल्डरांना हसताना आवाज जरा बेतानं ठेवलेला बरा.

नमुन्याची एक इमारत डोळ्यांसमोर आणू. तिचा पत्ता देण्यात अर्थ नाही, कारण ती एकच नाही. मंजूर नकाशात तळाला वाहनतळ आहे आणि वर चार मजले रहिवासी. वाहनतळाच्या फरशीवर पिवळ्या रंगानं रीतसर रेघा मारल्यात; ‘पी-7’ हा आकडा मात्र निम्माच दिसतो, कारण बाकी निम्म्यावर शेंगदाण्याची पोती आहेत. ‘पी-8’ वर गुळाचे रवे गोणपाटाखाली थप्पी लावून ठेवलेत. ‘पी-9’ वर गाडी आहे, म्हणजे हातगाडी. भिंतीवर ‘दुचाकी व्यवस्थित लावाव्यात’ अशी पाटी आहे आणि पाटीच्या खिळ्याला तराजू टांगलाय. या जागेचा खरा वापर नकाशा न बघता सगळ्यांत आधी कळला तो मुंग्यांना. त्यांची रांग जिन्याखालून निघून थेट ‘पी-8’ ला मिळते आणि त्यात कुणी मध्ये घुसत नाही, एवढी शिस्त शहरातल्या दुसऱ्या कुठल्या रांगेत सापडणार नाही. असं का होतं, याचं उत्तरही शब्दातच आहे. प्लॉटवर बांधकाम किती करायचं त्याच्या मापाला कायद्यात ‘चटई क्षेत्र’ म्हणतात, आणि वाहनतळाची चटई त्या हिशोबात धरत नाहीत. फुकटची चटई दिसली की तिच्यावर पथारी पसरायची, हा मानवी स्वभाव 1966 च्या नगररचना कायद्यापेक्षा बराच जुना आहे. तपासणीला कुणी आलंच, तर संवाद फार लांबत नाही.

“हे पार्किंग आहे ना?”

“व्हय की सायेब, पार्किंगच.”

“मग ही पोती?”

“ती पार्क केल्यात.”

जिना चढून वर जावं, तर दाराबाहेर अकरा जोड चपला. आत हॉलमध्ये चार कॉट, बेडरूममध्ये तीन-तीन, आणि जी कॉट कुठंच बसली नाही ती गॅलरीत, तिच्यावर पावसाळ्यासाठी प्लॅस्टिक. खिडकीच्या गजांना अकरा रंगांचे टॉवेल. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि इथल्या पोरांनाही मालकाच्या वहीत नावं नाहीत, कॉटचे नंबर आहेत; “चार नंबरनं गीझर चालूच ठेवला” असं म्हटलं की कुणाचं बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळतं. या एकाच जागेची नावं मोजावीत. परवानगीच्या कागदावर ती ‘रहिवासी’ असते. घरफाळ्याला ‘स्वतःच्या वापरात’. खांबावर चिकटवलेल्या चिठ्ठीत ‘मुलांसाठी कॉट बेसिस, पाणी चोवीस तास’, आणि शेजाऱ्यांच्या तोंडी जे नाव असतं ते छापता येत नाही. तपासनीस इथंही विचारतोच: वर कोण राहतं? फॅमिली, सायेब. चपला अकरा जोड आहेत. मोठी फॅमिली हाय. आडनावं पण अकरा? एकत्र कुटुंब हाय, फकस्त नातं न्हाई.

हे उत्तर उद्धट वाटेल, पण त्यात तत्त्व आहे. शिवाजी पेठेतल्या एखाद्या वाड्यात आजोबा, चार काका, त्यांच्या बायका, पोरं आणि कायमचे मुक्कामाला आलेले एक मामा, अशी बावीस माणसं एका न्हाणीघरावर राहिली तर त्याला संस्कृती म्हणतात आणि त्यावर पुरवण्यांतून लेख येतात. सहा पोरं भाडं भरून, भांडण न करता, दोन न्हाणीघरांत राहिली तर तो ‘वापरातील बदल’. इंग्लंडमध्ये या कोड्याला त्यांनी थेट नंबरच देऊन टाकलाय: गोदामाचा वर्ग बी-8, आणि बिननात्याच्या तीन ते सहा माणसांनी मोरी-चूल वाटून राहायच्या घराचा वर्ग सी-4, तोही 2010 साली नव्यानं केलेला. तिथं असा अर्ज वादाचा झाला, की निवडून आलेले सदस्य समितीत बसून हात वर करून मतदान करतात आणि शेजारचे लोक कचऱ्याचे डबे कुठं ठेवणार म्हणून लांबलचक पत्रं पाठवतात. म्हणजे जगभर माणसाला शेजारी किती लोक राहतात याची चिंता नसते, ते एकमेकांचे कोण लागतात याची असते. आपल्याकडं फरक इतकाच, की बांधकामाच्या परवानगीवर नगरसेवकांचं मत घेत नाहीत. ते काम आयुक्त आणि नगररचनावाल्यांचं. पण शेजारी मात्र तोच आहे, आणि पत्राऐवजी तो गॅलरीत उभा राहून खाकरतो.

आता अर्ज खरोखरच दाखल केला तर पुढं काय, हे पाहण्यासारखं आहे, कारण इथं कायद्यानं विनोदी लेखकाला काही कामच शिल्लक ठेवलेलं नाही. कायदा म्हणतो, नियमात बसणाऱ्या अर्जावर 60 दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. तिला ‘मानीव परवानगी’ म्हणतात. मौन म्हणजे संमती, हे मुलगी बघायला गेलेल्या मंडळींचं सूत्र विधिमंडळानं असं कलमात बसवलं. अर्जदार कॅलेंडरवर खुणा करत बसतो. पण त्याच कलमात पुढं आहे, की प्राधिकरणानं काही खुलासा मागवला असेल, तर 60 दिवस अर्जदाराचं उत्तर पोचल्यापासून मोजायचे. म्हणजे साठाव्या पायरीच्या अलीकडच्या घरात साप. ‘उत्तर दिशेचा बाण स्पष्ट दिसत नाही’ एवढी त्रुटी निघाली, की बाण ठळक करून पुन्हा एकपासून. ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा 2019 च्या निवडणुकीत कोल्हापुरातच गाजली, यात नवल नाही. ज्या गावात अर्जाचं काय ठरलंय ते कळत नाही, तिथल्या माणसाला ठरलंय या शब्दाचं अप्रूप असणारच. आणि ठरलं तरी हाती येतो तो ‘ना हरकत दाखला’. जगाच्या पाठीवर लोकांना ‘हो’ म्हणतात. आपल्याकडं ‘हरकत नाही’ म्हणतात, तेही लग्नात रुसलेल्या आत्याच्या सुरात, म्हणजे हरकत आहे पण आता काय बोलायचं. अशा सात-आठ आत्यांची समजूत काढली, की शेवटी ‘भोगवटा प्रमाणपत्र’ मिळतं. या शब्दात भोग आधी येतात आणि प्रमाणपत्र मागून, हे ज्यानं शब्द घडवला त्याला नक्की माहीत असणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो भारदस्त आणि खरा. नाव म्हणजे नुसतं नाव नव्हे. गोदाम म्हटलं की वजन आलं, आग आली. वसतिगृह म्हटलं की माणसांची गर्दी आली, मग जिना रुंद हवा, दुसरी वाट हवी. नावांशिवाय नियम लावायचे कुणाला? शंभर टक्के मान्य. पण मग हिशोब पूर्ण मांडू. जो मालक ‘वसतिगृह’ असा शब्द प्रामाणिकपणे लिहितो, त्याच्या मागं रुंद जिना, अग्निशमनचा दाखला, वाहनतळाचं वेगळं गणित आणि धंद्याच्या दरानं घरफाळा हे चौघे जण लागतात. ‘रहिवासी’ लिहून तेवढ्याच कॉट टाकणाऱ्याच्या मागं फक्त शेजारी लागतो, आणि तोही गणपतीची वर्गणी मिळाली की थांबतो. म्हणजे सुरक्षिततेची अट धोक्याला लागत नाही, कबुलीला लागते. धान्याच्या व्यापाऱ्याला दोन पोती समोर दिसली, एक स्वस्त आणि एक महाग, आणि आत माल एकच आहे, तर तो कुठलं उचलेल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको. आणि आगीला ‘वापर’चा रकाना वाचता येत नाही, तिला पोतंच वाचता येतं.

दुसरा आक्षेप कट्ट्यावरचा: हे सगळं राजकारण्यांमुळं, नगरसेवक मध्ये पडतात म्हणून कारवाई होत नाही. युक्तिवाद म्हणून हा फार सोयीचा आहे, कारण तो करताना चहा थंड होत नाही. पण नोव्हेंबर 2020 ला कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं कारभार प्रशासकांच्याच हाती राहिला. म्हणजे मध्ये पडायला निवडून आलेलं कुणी नव्हतं. त्या काळात ‘पी-7’ वरची पोती लाजून आपणहून मार्केट यार्डात निघून गेल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. उलट त्याच सुमाराला, 2 डिसेंबर 2020 ला, मुंबई आणि थोडे भाग सोडून साऱ्या राज्यासाठी एकच नियमावली आली. तिचं नाव ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली’. एकाच दमात नियंत्रण आणि प्रोत्साहन, म्हणजे म्हशीची वेसण ओढायची आणि शेपटीही पिळायची. म्हैस मग उभी राहते तिथंच उभी राहते. नावांच्या बाबतीत सरकार आपल्या पुढं आहे, हे विसरू नये. काळम्मावाडीहून कोल्हापूरला पाणी आणायच्या योजनेचं नाव ‘थेट पाइपलाइन’. मागणी झाल्यावर ते पाणी यायला काही दशकं लागली आणि 2023 च्या दिवाळीला ते पोचलं. ‘थेट’ नसती तर किती दिवाळ्या लागल्या असत्या, याचा विचार न केलेला बरा.

तिसरा आक्षेप असा, की नाव चुकलं तर दंड भरून दुरुस्त करता येतं, त्यात एवढं काय? करता येतं, हेच तर. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. त्यात 1 जानेवारी 2001 च्या आधीची बांधकामं नियमित करायची सोय होती. 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढं सरकली. मुलाचं लग्न झालं, त्याला पोरं झाली, आणि मग एक दिवस सगळ्यांनी मिळून त्याचं बारसं केलं, असा हा सोहळा. तारीख एकदा सरकली की पुन्हा सरकते, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. वीस वर्षांच्या मुदत ठेवीवर याहून खात्रीचा परतावा कुठली पतसंस्था देते? म्हणून घाईघाईनं खरं नाव लिहिणारा गृहस्थ शहाणा नसून उतावीळ ठरतो.

या सगळ्या व्यवस्थेत लाच, ओळख, तारीख काहीही न मानणारी एकच तपासनीस कोल्हापूरला लाभली आहे, ती पंचगंगा. कागदावर तिच्यासाठीही दोन रेषा आखल्यात: 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधायचं नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटी पाळून बांधायचं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, परत 55 च्या वर. नदीनं शंभर वर्षांचा हिशोब दोन वर्षांत उरकला, आणि दोन्ही वेळा तिनं ‘वापर’चा रकाना न बघता सरळ वाहनतळात जाऊन पाहणी केली. नमुन्याच्या इमारतीत अशा वेळी मोठा पेच पडतो. पंचनाम्याला माणूस येतो. काय काय भिजलं? चाळीस पोती साखर. कुठं ठेवलेली? आता ‘पार्किंगमध्ये’ म्हणावं तर पार्किंगमध्ये साखर कशी, आणि ‘गोदामात’ म्हणावं तर गोदाम कुठलं? मालकाच्या आयुष्यात पहिल्यांदाच खरं नाव फायद्याचं होतं आणि नेमकं तेच कागदावर नसतं. साखर तोवर विरघळून गेलेली असते, म्हणजे पुरावाही नाही. हळहळतात त्या फक्त मुंग्या.

कुणी म्हणेल, पूर्वी असं नव्हतं. अगदी बरोबर, आणि हे ‘पूर्वी’ कोल्हापुरात फार लांब शोधावं लागत नाही. शाहू महाराजांनी 1895 ला व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, तेव्हा पेढी, मागं वखार आणि वर बिऱ्हाड हे उघड होतं. कुणी वखारीला वाहनतळ म्हटलं नाही, कारण बैलगाडीच्या बैलांनी तो अपमान सहन केला नसता. 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढं लिंगायत, मुस्लिम, शिंपी, 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बिननात्याच्या पोरांनी एकत्र राहायचं, हे शहराचं धोरणच होतं आणि दसरा चौकात आजही उभं राहिलं की भोवती बोर्डिंगंच बोर्डिंगं दिसतात, दर्शनी भिंतीवर ठळक नाव कोरलेली. शाहूकाळाचं उदाहरण दिलं की कोल्हापुरात वाद संपतो, हे माहीत असूनच ते इथं दिलंय, हेही कबूल करतो. पण त्यातला मुद्दा भक्तीचा नाही. त्या बोर्डिंगांना खरं नाव सांगितल्याबद्दल जागा मिळाली, मदत मिळाली. आज खरं नाव सांगितल्याबद्दल बिल मिळतं. मधल्या काळात वखारीचं गोदाम झालं, गोदामाचं वेअरहाऊस, आता हायवेला त्याला ‘लॉजिस्टिक पार्क’ म्हणतात. आत तेच पोतं, पण पार्क म्हटल्यावर माणसाला वाटतं झोपाळा असेल. जुना शब्द शिल्लक आहे तो सरकारी पाटीवर, ‘महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ’, आणि लाकडाच्या वखारीत.

हायवेचं नाव निघालंच तर हद्दीचंही सांगून टाकू. 1972 ला कोल्हापूरची महापालिका झाली, पण हद्द नगरपालिकेच्या काळातलीच, 66.82 चौरस किलोमीटर. ती पुढं दशकानुदशकं जागची हलली नाही. शहराला गावं हवीत, गावांना शहर नको, म्हणून 2017 ला मधला मार्ग निघाला आणि 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. सून घरात आणायची नाही पण तिच्या माहेरचा हिशोब बघायचा, असा प्रकार. त्यामुळं आत जागा नाही म्हणून बाहेर निघालेलं गोदाम उचगावात गेलं की ते महापालिकेचं नाही, पूर्णपणे ग्रामपंचायतीचंही नाही, आणि अर्जदाराला तीन दारांत तीच फाइल घेऊन तीच ओळख सांगावी लागते. आणि याच बाजूला, उचगावला लागून, या साऱ्या युक्तिवादाचा सगळ्यांत मोठा साक्षीदार पसरलाय: गांधीनगर. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ला, वळिवड्याच्या माळावर बरॅकी उठल्या आणि सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, तिथं 1948 पर्यंत राहिली. कॉट बेसिस म्हणायचं तर कोल्हापूरच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा कॉट बेसिस. पोलिश मंडळी गेली, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं त्याच बरॅकींत आली. त्यांनी पोटासाठी कापड विकायला घेतलं, बिऱ्हाडात गठ्ठे आले, गठ्ठ्यांनी हळूहळू बिऱ्हाडाला मागं सरकवलं, आणि वसाहतीची घाऊक कापडपेठ झाली. सामायिक घराचं गोदाम, एकाच जमिनीवर, आणि ‘वापरातील बदल’ असा अर्ज तिथं इतिहासानं कुणाकडं केल्याचं ऐकिवात नाही. इकडं आपण त्या जागेला नक्की काय म्हणायचं यावर फायली फिरवतोय. तिकडं वॉर्सॉत तिचं स्मारकही झालं आणि ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथं जाऊन फुलंही वाहिली. उद्या त्या पाच हजारांपैकी कुणाची नात आजीची बरॅक शोधत गांधीनगरात उतरली आणि जुना नकाशा उघडून एखाद्या दुकानाच्या दारात उभी राहिली, तर गठ्ठ्यांआडून पोरगा मान वर करून पहिला प्रश्न विचारेल, “होलसेल की रिटेल?”